रूळ गेले, वाट राहिली

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींना सायकल येत होती? 'येते' असं मी विचारत नाही, 'येत होती' असंच विचारते. हात वर केलेत तर माझी खात्री आहे, निम्म्याहून अधिक हात वर होतील. मीही त्यातलीच. पुण्यात सदाशिव पेठेतून कॉलेजात मी रोज सायकलनं जायची. लग्न झालं आणि सायकल माहेरच्या जिन्याखाली गेली, ती तिथंच गंजली. त्यानंतर चाळीस वर्षं मी सायकलच्या सीटवर बसले नव्हते. गेल्या सप्टेंबरात बसले, आणि तेही कुठं, तर इंग्लंडात! तीन दिवसांत सुमारे पंचाऐंशी किलोमीटर अंतर कापलं. माझं वय बासष्ट आहे आणि उजवा गुडघा कुरकुरतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला पुढचं वाचायला धीर येईल.

लेक तिकडे नोकरीला आहे. तिनं फोनवर विचारलं, "आई, तू येतेस तर आपण डेव्हनला सायकलनं जाऊ या का?" मी म्हटलं, "वेडी का तू? तिथल्या मोटारी, तिथले रस्ते!" त्यावर ती म्हणाली, "मोटारीच नाहीत त्या वाटेवर. एकही नाही." माझा विश्वास बसेना. आमचे हे तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "गुडघ्याचा पट्टा घेऊन जा." परवानगी मिळाली असं समजून मी तयारीला लागले.

डेव्हन म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचा डोंगराळ परगणा. डोंगर उंच नाहीत, पण टेकडीमागून टेकडी, उशांची चळत उधळून ठेवावी तशी. आणि प्रत्येक शेताभोवती झुडपांची वई. कोकणातल्या मैत्रिणींना वई आणि गडगा दोन्ही ठाऊक असतील. डेव्हनमधली वई म्हणजे या दोहोंचा मिलाफ आहे. खाली मातीचा उंच बांध, त्याला पुष्कळ ठिकाणी दगडांचा पडदा, आणि बांधावर हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हेझल, रानगुलाब अशी दाट झुडपं. एकट्या डेव्हनमध्ये अशा वया सुमारे ५३,००० किलोमीटर भरतात. पृथ्वीला एक वेढा चाळीस हजार किलोमीटरचा, म्हणजे सव्वा वेढ्याहून जास्त!

गंमत अशी की, हेच वैभव मोटारीच्या रस्त्यावर सायकलवाल्याच्या जिवावर उठतं. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच बांध, मधे एका गाडीपुरता रस्ता, आणि वळणापलीकडचं काही दिसत नाही. समोरून ट्रॅक्टर आला तर जाणार कुठं? म्हणूनच जिथं गाड्या येऊच शकत नाहीत अशा वाटा तिथं मोलाच्या मानतात. आम्ही निवडली ती 'टारका ट्रेल'. ब्रॉन्टन ते मीथ अशी सुमारे पन्नास किलोमीटरची ही सायकलवाट पूर्वीच्या रेल्वेच्या जागेवरून जाते.

ही वाट कशी झाली, ते ऐकण्यासारखं आहे. १९६३ साली ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला. तोट्यातले सुमारे ५,००० मैलांचे मार्ग आणि २,३६३ स्थानकं बंद करावीत, अशी त्यात शिफारस होती. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी पुष्कळ विरोध केला, पण बरेचसे फाटे बंद झालेच. बार्न्स्टेपल ते टॉरिंग्टन आणि पुढं मीथकडे जाणाऱ्या उतारूंच्या गाड्या १९६५ साली थांबल्या. मालगाड्या मात्र १९८२ पर्यंत धावत होत्या. त्या काय वाहून न्यायच्या, सांगा बरं? माती! या भागात निघणारी बारीक पांढुरकी चिकणमाती चिनी मातीच्या भांड्यांसाठी, फरशांसाठी आणि न्हाणीघरातल्या भांड्यांसाठी नावाजलेली आहे. मग रूळही उचलले गेले, आणि मागं राहिली ती निव्वळ जागा. पुढं तिची सायकलवाट केली.

आता, आपल्यासारख्या प्रौढ बायकांना रेल्वेची जुनी जागा का सोयीची, तर ऐका. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे आगगाडीला मोठा चढ चढताच येत नाही. म्हणून रेल्वे बांधताना इंजिनियर टेकडी आली की खणत आणि दरी आली की भराव घालत. डोंगराळ मुलूख, पण वाट मात्र जवळजवळ सपाट किंवा अगदी हलक्या चढाची. जे काम दीडशे वर्षांपूर्वी इंजिनासाठी केलं, ते आता माझ्या गुडघ्याच्या उपयोगी पडलं!

एक्झेटरहून छोट्या आगगाडीनं आम्ही सव्वा तासात बार्न्स्टेपलला उतरलो. या गाडीच्या मार्गालाही 'टारका लाइन' म्हणतात. टारका हे एका पाणमांजराचं नाव. हेन्री विल्यमसन या लेखकानं १९२७ साली त्याची गोष्ट लिहिली आणि त्यातल्या टॉ आणि टॉरिज या दोन नद्या घराघरांत पोचल्या. खरी पाणमांजरं मात्र शेतातल्या कीटकनाशकांपायी आणि शिकारीपायी इंग्लंडातून जवळजवळ नाहीशी झाली होती. १९७८ मध्ये त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, घातक औषधं बंद झाली, नद्या स्वच्छ होत गेल्या, आणि २०११ पर्यंत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्यात ती पुन्हा दिसली. मला एकही दिसलं नाही, पण ती आहेत एवढं कळूनच बरं वाटलं.

भाड्याच्या दुकानात सायकल मिळाली. या खडीच्या वाटांसाठी वेगळी सायकल असते, तिला 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात. दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी, पण टायर रुंद, साधारण चार सेंटिमीटरचे. त्यांत हवा जरा कमी ठेवतात, म्हणजे खडीचे दणके टायरच पचवतो. गिअर इतके हलके की चढावर पाय नुसते फिरत राहतात. लेकीनं अशी घेतली. माझ्यासाठी मात्र सरळ हँडलची, पुढच्या दांडीला वाकवलेली, अशी बायकी सायकल तिनं निवडली होती. टायर तसेच रुंद. दुकानदारानं सीट वर चढवली तेव्हा मी घाबरलेच. पण त्याचं बरोबर होतं. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकला पाहिजे. सीट खाली ठेवली की पाय जमिनीला टेकतात म्हणून आपल्याला सुरक्षित वाटतं, पण गुडघे दुखतात ते त्यामुळेच. हे मला कॉलेजात असताना कुणी सांगितलं असतं तर!

पहिले शंभर पावलं मी कशी गेले ते विचारू नका. हँडल डुगडुगत होतं, ओठ घट्ट मिटले होते. लेक मागून ओरडत होती, "चाकाकडे बघू नकोस, लांब बघ!" लांब बघितलं, आणि सायकल आपोआप सरळ झाली. शरीर काही विसरत नाही, बायांनो. आपणच विसरतो.

पहिला दिवस सोपा होता. वाट डांबरी, नदीच्या खाडीला लागून. ओहोटीची वेळ, चिखलात बगळे उभे. इन्स्टोला जुन्या स्थानकाचा फलाट आणि सिग्नलची केबिन अजून जपून ठेवली आहे. बिडफर्डला नदीवर मध्ययुगीन दगडी पूल आहे, २४ कमानींचा, आणि कमानी एकसारख्या रुंदीच्या नाहीत. तिथं जुन्या स्थानकात रेल्वेचा एक डबाही उभा आहे. तिथं बाकावर बसून आम्ही डब्यातले मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पुढं वाट टॉरिज नदीच्या काठानं रानात शिरते, नदी ओलांडते, बोगद्यातून जाते. बीम नावाच्या जागी जुन्या कालव्याचा कमानदार पूल दिसतो. विल्यमसनच्या गोष्टीतला टारका त्याच्याच जवळ जन्मला. संध्याकाळी टॉरिंग्टन आलं. हे गाव टेकडीच्या माथ्यावर आणि स्थानक खाली नदीकाठी. तेवढा चढ आम्ही सायकली हातात धरून चढलो आणि मुकाट्यानं झोपलो.

खरी वाट दुसऱ्या दिवशी. टॉरिंग्टनहून मीथपर्यंत सुमारे सतरा-अठरा किलोमीटर. रेल्वेचा हा तुकडा १९२५ साली झाला. त्याआधी इथं मातीच्या खाणींसाठी अरुंद रुळांची छोटी गाडी होती. नदी सोडून वाट रानातून वर चढू लागते. चढ अंगावर येत नाही, पण संपतही नाही. यार्ड नावाच्या वस्तीपाशी माथा येतो. पुढं डांबर संपतं आणि बारीक खडी सुरू होते. टायरखाली तिचा आवाज येतो, तो गहू चाळणीत घोळवल्यासारखा. दुसरा आवाज नाही. ना हॉर्न, ना इंजिन. मधेच गाईंचं हंबरणं, एखादा कुत्रा घेऊन चाललेले आजोबा, "मॉर्निंग" म्हणून टोपीला हात लावणारे. घोड्यावरून जाणाऱ्या एका बाईसाठी आम्ही उतरून बाजूला थांबलो. घोडा बुजतो, म्हणून तिथं तशी रीत आहे.

दोन्ही अंगांना वई. सप्टेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे फळांचे दिवस. हॉथॉर्नवर लाल मण्यांचे घोस, ब्लॅकथॉर्नवर जांभळाच्या रंगाची, पण तोंड आंबट करणारी फळं, हेझलला हिरवे दाणे. आणि ब्लॅकबेरी! काट्याकुट्यांतून हात घालून काढायची, बोटं जांभळी करायची. मला करवंदांची आठवण झाली. जाळीत शिरण्याची तीच खोड, तेच ओरखडे. वाटेवरचा कुणीही माणूस त्या तोडून खातो. तिथं जुनी समजूत अशी की २९ सप्टेंबरनंतर ब्लॅकबेरी खाऊ नयेत, सैतान त्यांवर थुंकतो. कारण साधं आहे. तोवर थंडी-पाऊस सुरू होतो आणि फळं पाणचट होऊन बुरसतात. आपल्या आज्यांच्या समजुती अशाच असायच्या, नाही का? सांगायच्या भुताचं, पण त्यात असायचं शहाणपण.

वईचं वय कसं ओळखतात तेही लेकीनं शिकवलं. मॅक्स हूपर नावाच्या शास्त्रज्ञानं ठोकताळा दिला, की वईच्या तीस यार्डांत, म्हणजे साधारण सत्तावीस मीटरमध्ये, झाडा-झुडपांच्या जितक्या जाती सापडतील तितकी शतकं तिचं वय धरावं. अगदी काटेकोर नव्हे, अंदाजच. एका फाट्यावरच्या शेताच्या वईपाशी आम्ही पावलं मोजली. हेझल, हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न, हॉली, रानगुलाब, ओक. सहा झाल्या! सहाशे वर्षं कुणी ना कुणी ती वई राखली. राखणं म्हणजे नुसतं वाढू देणं नव्हे. वई आपोआप वाढू दिली तर बुडाशी विरळ होते आणि गुरं पार होतात. म्हणून हिवाळ्यात कोयत्यानं खोड बुंध्याशी बहुतेक कापून, थोडी साल धरून आडवं निजवतात. त्या आडव्या खोडातून पुन्हा सरळ धुमारे फुटतात आणि वई दाट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं फिरावीत म्हणून ब्रिटनमधल्या निम्म्या वया उपटून टाकल्या गेल्या. मग शहाणपण आलं. इंग्लंडात १९९७ पासून जुनी वई परवानगीवाचून काढता येत नाही, आणि पाखरं घरटी करतात त्या दिवसांत, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, शेतकऱ्यांना ती साधारणपणे छाटताही येत नाही.

पेट्रॉकस्टोला जुना फलाट आहे, गवतानं भरलेला. तिथं आम्ही टेकलो. आणि मैत्रिणींनो, आता जे सांगते ते प्रवासवर्णनात बसत नाही, पण ते वगळलं तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

लेक दहावीत होती तेव्हा क्लासहून येताना सायकलवरून पडली. मागून बस येत होती. ती बस वेळेवर थांबली. लेकीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेत असताना मी तिची सायकल जुनं सामान घेणाऱ्याला विकून टाकली. तिच्या वाढदिवसाची होती ती, लाल रंगाची. संध्याकाळी तिनं रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती. पुढं ती रिक्षानं जायला लागली, मग स्कूटीनं, मग विमानानं परदेशी. सायकल ती पुन्हा शिकली ती तिकडे, तिशी उलटल्यावर.

फलाटाच्या कडेला पाय सोडून बसले असताना मी म्हटलं, "तुझी सायकल मी तुला न विचारता विकली. ते चुकलंच माझं."

ती ब्लॅकबेरी निवडत होती. म्हणाली, "मला वाटलं होतं, तुला आठवतही नसेल."

"रोज आठवत नाही," मी म्हटलं, "पण विसरलेही नाही. मी घाबरले होते गं."

"कळतं मला ते आता," ती म्हणाली. थोड्या वेळानं हसून म्हणाली, "पण किती रुपयांना विकलीस?"

दोनशे रुपयांना, असं सांगितल्यावर तिनं कपाळावर हात मारला. मग दोघीही खूप हसलो. बस्स, एवढंच. पण वीस वर्षं तो विषय आमच्यामधे त्या वईसारखा उभा होता, तो त्या दिवशी आडवा झाला.

मीथला वाट संपते. जवळच मातीची जुनी खाण आहे. २००४ साली ती बंद पडली, आणि आता तिथं तळी आणि रान आहे, पाखरांसाठी राखलेलं. परतताना यार्डपर्यंतचा चढ लागला. दोनदा उतरून चालले. लेक मागं राहिली होती. मी म्हटलं, "तू हो पुढं." तर म्हणे, "नको, मीच मागं थांबते. तुझा तोल गेला तर?" ती सहा वर्षांची असताना सीट धरून तिच्यामागं मी धावले होते, ते आठवलं. मी काही बोलले नाही. नाकपुड्यांत पाणी आलं, ते वाऱ्यामुळे असं समजून घेतलं.

आता कामाच्या चार गोष्टी. अशा वाटेवर जायचं ठरवलंत तर सलवार-कुडता बरा, पण सलवारीचा घोळ घोट्याशी पट्टीनं बांधा आणि ओढणी पिशवीत ठेवा. साखळीत अडकली तर ओढणीही जाते आणि माणूसही पडतो. डेव्हनमध्ये पाऊस विचारून येत नाही, तेव्हा पातळ रेनकोट सीटच्या मागं बांधलेला असू द्या. खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, मागचा हळूहळू दाबा; हँडल मुठी आवळून धरू नका. चढ दिसताच आधी गिअर हलका करा, पाय अडल्यावर नव्हे. चालणाऱ्यांना लांबूनच घंटी द्या. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरच पुरे. ज्यांना चढाची धास्ती आहे त्यांना विजेवर चालणारी सायकलही भाड्यानं मिळते. ती पायडल मारल्यावरच मदत करते आणि ताशी सुमारे २५ किलोमीटरच्या वर मदत थांबवते, तेव्हा पळून जाईल ही भीती नको.

वेचलेल्या ब्लॅकबेरींचा मुरंबा मी लेकीच्या घरी केला. अर्धा किलो ब्लॅकबेरी, एक मोठं आंबट सफरचंद किसून, आणि एका लिंबाचा रस मऊ शिजवून घेतला. मग चारशे ग्रॅम साखर घालून, थेंब बशीवर थिजेपर्यंत आटवला. सफरचंद घालायला विसरू नका. त्यानंच मुरंबा जमतो. करवंदांचाही करून पाहीन म्हणते येत्या उन्हाळ्यात.

तिसऱ्या दिवशी बार्न्स्टेपलला सायकली परत केल्या. घरी आल्यावर ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पट्टा वापरलास ना?" नव्हता वापरला. मी विषय बदलला आणि विचारलं, "आपल्या कॉलनीत सकाळी सहाला रस्ते रिकामे असतात ना हो?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला. सायकल गेल्या महिन्यात आली आहे. निळी आहे. सीट मी स्वतः वर चढवून घेतली.